वाय की एन?

एखाद्याला ‘नाही’ म्हणावं लागू नये म्हणून माणसं काय काय करतात. आजारी पडतात, गावाला जातात, न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसतात. मी ऑपरेटिंग सिस्टीम बदलली.

हसू आलं असेल तर हसून घ्या. पण ज्यांना हसू आलं ते जावा बेटावरच्या सोलो शहरात कधी राहिलेले नसणार. आमच्या जावानी भाषेत ‘नाही’ हा शब्द आहे. त्याचं अदबीचं रूपही आहे, ‘म्बोतेन’. फक्त तो कुणी वापरत नाही. काचेच्या कपाटातल्या कपबशीसारखा तो नुसता असतो, पाहुण्यांनी बघायचा.

सांस्कृतिक खात्यातल्या माझ्या नोकरीची हकीकत आधी सांगून टाकू?

Y/n
n
रद्द.

बरं. मग थेट पाक एर्टेंवर येतो.

पाक एर्टे म्हणजे आमच्या गल्लीचे प्रमुख; पाक आणि बू ही आमच्याकडे पुरुषाला आणि बाईला मानानं लावायची बिरुदं. त्यांचं नाव हार्जोको, पण गल्लीप्रमुखाला नावानं हाक मारणं म्हणजे देवळाला ‘ए विटांनो’ म्हणण्यासारखं आहे. ते एका सकाळी ओटीवर येऊन बसले. चहा नको म्हणाले, मी आग्रह केला, नको म्हणाले, मी आग्रह केला, मग प्याले. इतकं झाल्याशिवाय आमच्याकडे चहा कुणाच्या पोटात जात नाही. मग हवा झाली, तुंबलेलं गटार झालं, तांदूळ झाला, आणि तांदळाच्या मागोमाग लग्न आलं.

“येत्या रविवारी धाकटीचं लग्न आहे. आपला आवाज, आपली जुनी दरबारी भाषा... आपण सूत्रसंचालन केलंत तर मांडवाला शोभा येईल, पाक वांदोनो.”

मी म्हणालो, “न्गिह.”

न्गिह म्हणजे होय. अदबीचं होय, वडीलधाऱ्यांसाठी, साहेबांसाठी, अनोळखी माणसांसाठी. मात्र त्याचा अर्थ ‘होय’ असतोच असं नाही. ‘आपलं बोलणं माझ्या कानापर्यंत पोचलं’ एवढाच त्याचा खरा अर्थ. पुढचं ऐकणाऱ्यानं स्वरावरून ओळखायचं. माझा न्गिह अर्धा श्वास उशिरा आला होता आणि शेवटी जरासा खाली बसला होता. कुठल्याही सुसंस्कृत माणसाला त्यातून कळायला हवं होतं, की त्याच रविवारी माझ्या सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आहे, तो समुद्रापलीकडे बालिगे गावी आहे, विमानाची तिकिटं काढून झाली आहेत आणि त्या बेताला मी बायकोलाही न्गिहच म्हटलेलं आहे.

“वा!” असं म्हणून पाक एर्टे उठले.

माझी बायको तिउर. ती तोबा तळ्याकाठची, बाताक माणसांतली. तिकडे शेजारी बसलेल्याशीसुद्धा तळ्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. ती मला मानानं ‘मास’ म्हणते, तेवढी सोलोची रीत तिनं घेतली. पण त्यापुढे ‘तू’ लावते. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा मला तू म्हटलं तेव्हा माझ्या आईनं पानाचा डबा बंद करून ठेवला होता. तिकिटं काढताना तिउर म्हणाली होती, “आईच्या ऐंशीव्याला तू आला नाहीस ना मास, तर मी तिकडेच राहीन. तू बस इथे न्गिह-न्गिह करत.” आणि तिच्या वाक्यांना दुसरा अर्थ नसतो. वाक्य संपलं की अर्थही तिथेच संपतो.

पुढचे दिवस मी घरात नुसता येरझारा घालत होतो. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जायचं ते आठवेना.

दोन दिवसांनी पाक एर्टे पुन्हा आले. “सहज डोकावलो,” म्हणाले. या वेळी मी तयारीत होतो. मी म्हणालो, “माझी सगळी जुनी भाषणं लॅपटॉपमध्ये आहेत, आणि तो बिचारा आताशा फार हळू चालतो.”

हा नकार होता. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर नकार. पण ओटीवर त्या वेळी पाक दार्सोनोही बसलेले होते.

पाक दार्सोनो टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना सूचक बोलणं कळत नाही. काही अडलंय असं कानावर पडलं की ते दुरुस्त करायला धावतात.

“हळू चालतो? लिनक्स घालू! नवी ऑपरेटिंग सिस्टीम! फुकट आहे. आणि मुक्तही आहे. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे बरं का—” आणि त्यांनी चहा निवेपर्यंत तो फरक सांगितला. शेवटी मला एवढंच कळलं की मुक्त म्हणजे वाटेल त्यानं घर उघडून बघावं असं, आणि फुकट म्हणजे माझा पूर्ण आठवडा.

पाक एर्टेंचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, भाषणाची काळजी.

“आपली हरकत नाही ना?” दार्सोनोंनी विचारलं.

“न्गिह,” मी म्हणालो.

आता डेस्कटॉप ही भानगड काय असते ते सांगणं भाग आहे. दार्सोनोंनी मला समजावलं ते असं: “लिनक्समध्ये घर वेगळं आणि ओटी वेगळी. चित्रं, खिडक्या, घड्याळ, फायली उघडायची बटणं, ही सगळी ओटी. याला म्हणायचं डेस्कटॉप. मागे घर असतं, ते तसंच राहतं. ओटी नाही आवडली, काढा. दुसरी लावा.”

“म्हणजे ओट्या निवडायच्या?”

“निवडायच्या! हेच तर स्वातंत्र्य!”

मला कसंतरीच झालं. लग्नात सुद्धा मी निवड केली नव्हती; तिउरनं केली होती.

दार्सोनोंनी स्वतःची लाडकी ओटी लावली. तिच्या निशाणीवर पावलाचा ठसा होता. देखणी होती. वर एक काळी पट्टी, बाकी काहीच नाही. काही उघडायचं असेल तर कुठे बोट ठेवायचं ते कळू नये, इतकी ती सभ्य होती. मला आवडली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचे पाक मुर्जितो आले. ते शाळेत गणित शिकवायचे आणि दार्सोनोंशी त्यांचं गेल्या मोठ्या पुरापासून पटत नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, “कुणी लावली ही? आपल्या लॅपटॉपचं वय काय, ही ओटी केवढी! झेपणार नाही त्याला. उंदीरवाली लावू, जिच्या निशाणीवर उंदीर असतो ती. हलकी असते.”

“न्गिह.”

उंदीरवाली लागली. संध्याकाळी दार्सोनो आले, पुन्हा पाऊलवाली लावून गेले. सकाळी मुर्जितो. मी प्रत्येकाला न्गिह म्हणत होतो आणि चहा करत होतो. शेवटी घर एक, ओट्या दोन, गणकयंत्रं तीन आणि फायली बघायच्या कपाटांची तर गणतीच नाही, अशी अवस्था झाली. सुरू करताना लॅपटॉप विचारायचा, आज कुठल्या ओटीवर बसणार? मी घाबरून तो बंद करायचो.

मागच्या दाराचं प्रकरण सांगू?

Y/n
n
रद्द.

सांगतोच.

या दोन ओट्यांचा निकाल लावायचा तर मागच्या दारानं जावं लागेल, असं दार्सोनो म्हणाले. “टर्मिनल उघडा.”

आमच्याकडे टर्मिनल म्हणजे बस स्टँड. स्वयंपाकघरातून तिउर ओरडली, “बस स्टँड पहाटेपासून उघडाच असतो! जाणारच आहेस मास, तर येताना नारळ आण!”

हे टर्मिनल म्हणजे एक काळी खिडकी निघाली. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती एक रेघ लुकलुकत असते. काय हवं ते शब्दांत लिहायचं, ती करते. सूचक बोललेलं तिला चालत नाही. दार्सोनोंनी सांगितलेली ओळ मी लिहिली. तिनं पासवर्ड मागितला. मी टाकला, पण पडद्यावर काहीच उमटेना.

“उमटत नाही,” दार्सोनो म्हणाले. “पण ऐकलंय त्यानं.”

ऐकून घ्यायचं आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही! मला एकदम गाववाला भेटल्यासारखं झालं. पण पुढच्याच क्षणी त्यानं दोन वाक्यं लिहिली. आपल्याला हा अधिकार नाही. या घटनेची खबर देण्यात येईल.

दार्सोनो तेवढ्यात फोनवर बोलायला बाहेर गेले होते. मी एकटाच ते वाचत होतो. खबर देण्यात येईल. कुणाला? कोण देणार? ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना माहीत असतं, की ज्या वाक्यात करणारा दिसत नाही ते वाक्य सर्वांत घातक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटीच आहे: पाहुणा आला की चोवीस तासांत खबर द्यावी. मशीननं खबर देण्याआधी आपण दिलेली बरी, म्हणून मी बाटिकचा चांगला शर्ट चढवला, वरचं बटण लावलं आणि पाक एर्टेंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “कुणाला देणार म्हणतो खबर?”

“ते लिहिलेलं नाही.”

पाक एर्टे गंभीर झाले. त्यांनी वरच्या प्रमुखांना फोन लावला. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना लावला. बऱ्याच वेळानं उलट प्रश्न आला: सदर सिस्टीम गल्लीत कायमची राहणार आहे की पाहुणी आहे? कायमची असेल तर आधीच्या गल्लीतून निघाल्याचा दाखला लागेल.

“असं असेल,” पाक एर्टे हळूच म्हणाले, “तर तो लॅपटॉप सध्या न वापरलेलाच... म्हणजे रविवारचं जर आपल्याला...” आणि त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

मला त्यांची दया आली. लेकीचं लग्न, आणि माझ्यामुळे हा घोर! “न्गिह, न्गिह,” मी घाईघाईनं म्हणालो, “रविवारपर्यंत नक्की होईल!”

घरी परतलो तर दार्सोनो पोट धरून हसत होते. लिनक्स घालताना त्यांनी मालक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं होतं. माझ्याच घरात मी पाहुणा होतो. त्यांनी मला मालक केलं आणि म्हणाले, “आता लिहा.”

मी लिहिलं. मशीननं विचारलं, पुढे जायचं? आणि शेजारी दोन अक्षरं: Y/n.

मी n दाबलं. रद्द.

“पुन्हा,” दार्सोनो म्हणाले. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा n. पुन्हा रद्द. आम्ही ओळ तपासली, तार तपासली, लॅपटॉप बंद करून उघडला. दार्सोनोंनी त्याला पंखाही घातला. रद्द, रद्द, रद्द.

“आपण होय म्हणताय ना?” त्यांनी शेवटी विचारलं.

“केव्हापासून म्हणतोय.”

“कुठलं बटण दाबून?”

“n. न्गिह.”

दार्सोनोंनी चष्मा काढून पुसला. न्गिह आमच्या रोमन लिपीत लिहिताना n पासूनच सुरू होतो, यात माझी चूक नाही. Y म्हणजे ‘या’, साधं बिनअदबीचं होय; ते आपण रिक्षावाल्याला म्हणतो. हे मशीन कुणी बनवलं, किती शिकलेल्या माणसांनी बनवलं, मला ठाऊक नव्हतं. ओळख नसताना ‘या’ कसं म्हणणार?

“n म्हणजे नाही!” दार्सोनो म्हणाले. “इंग्रजीत! काहीही विचारू दे, यापुढे फक्त Y. डोळे मिटून Y.”

मी डोळे मिटून शिकलो.

आणि दुसऱ्याच सकाळी मुर्जितो आले. “पाऊलवाली ओटी आणि तिचा पसारा काढून टाकू, लॅपटॉप मोकळा होईल.” त्यांनी सांगितली ती ओळ मी लिहिली. काय काय काढणार त्याची नावं पडद्यावर धो धो वाहायला लागली. उंदराचंही नाव त्यात असावं, पण मुर्जितो तेव्हा तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी चटणीत बुडवत होते. पुढे जायचं? Y/n.

डोळे मिटून, Y.

लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला तेव्हा ओटी नव्हती. एकही नव्हती. काळाकुट्ट पडदा आणि वरच्या कोपऱ्यात एक रेघ, लुकलुकणारी.

दार्सोनो धावत आले. मग दोघांचं जे भांडण झालं ते इतक्या अदबीचं होतं की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, एकमेकांना लग्नाचं आमंत्रण देताहेत.

“पाक मुर्जितोंच्या ज्ञानाबद्दल शंका घेण्याची माझी पात्रता नाही,” दार्सोनो म्हणाले.

“छे, छे, आपणच पाया घातलात,” मुर्जितो म्हणाले. “आम्ही फक्त त्यावर कोसळलो.”

आणि मी? मला लाज वाटायला हवी होती, पण माझ्या पोटात गारगार वाटलं. लॅपटॉप गेला. भाषणं गेली. सूत्रसंचालन गेलं. कुणाला काही न बोलता मी सुटलो होतो!

एवढ्यात पाक एर्टे दारात. “सहज डोकावलो.” त्यांनी काळा पडदा पाहिला. “अरेरे,” ते म्हणाले, आणि येऊ लागल्यापासून पहिल्यांदा त्यांनी चहा एकाच आग्रहात घेतला.

मग स्वयंपाकघरातून तिउर आली. हाताला मसाला तसाच.

“काय चाललंय? कोण गेलं?”

“ओटी,” मी म्हणालो.

तिनं पडद्याकडे बघितलं. “ह्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचलंत का?”

कुणीच वाचलं नव्हतं.

“नाव विचारतोय तो. एवढी चार शिकलेली माणसं उभी आहेत, एकाला स्वतःचं नाव सांगता येईना?” तिनं हात पुसले, मला उठवलं, माझं नाव लिहिलं. पासवर्ड मागितल्यावर तिनं तोही न विचारताच टाकला. ते तिच्या आईचंच नाव होतं. धाडधाड अक्षरं आली आणि मशीन हुकमाची वाट बघत थांबलं.

“आता काय सांगायचं ह्याला?” तिनं दार्सोनोंना विचारलं.

“आपण जर कृपा करून, म्हणजे हरकत नसेल तर—”

“पाक दार्सोनो, काय लिहू ते सांगा!”

त्यांनी सांगितलं. तिनं लिहिलं. मशीन कामाला लागलं.

“हा तर आमच्याकडचा माणूस आहे की,” तिउर खूश होऊन म्हणाली. “सरळ सांगा, सरळ करतो. ती तुमची चित्रांची ओटी, ती सोलोची. इथे बोट लाव, तिथे खुणाव, आणि मग बस वाट बघत समजलं का म्हणून.”

पडद्यावर प्रश्न आला. ओटी परत लावायची सगळी तयारी झाली आहे. पुढे जायचं? Y/n.

माझ्या पोटातलं गारगार गेलं.

पाक एर्टेंनी कप खाली ठेवला. “म्हणजे...” त्यांचा आवाजही बसला होता, “रविवारपर्यंत भाषण तयार होईल तर.”

“कुठला रविवार?” तिउर म्हणाली.

मुर्जितोंनी तोंडातलं भजं चावायचं थांबवलं.

“मास, कुठला रविवार?”

“लग्नाचा,” मी म्हणालो.

“तू ह्यांना हो म्हणालास?”

“न्गिह.”

“आणि मला?”

“न्गिह.”

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. एवढ्या वर्षांत मी तिचा हळू आवाज ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“हा विचारतोय, ओटी लावू का. लाव. भाषण काढ, मांडवात उभा राहा, मी एकटी जाते आईकडे. नाहीतर नको लावू. पण आता खाली-वर सूर लावू नकोस मास. हा सूर ऐकत नाही. मलाही कंटाळा आलाय ऐकायचा.”

रेघ लुकलुकत होती. मी पाक एर्टेंकडे पाहिलं, तिउरकडे पाहिलं. डोळे मिटावेसे वाटले. मिटले नाहीत.

n.

रद्द.

“अहो, Y! Y!” दार्सोनो कळवळले. “किती वेळा सांगितलं, n म्हणजे—”

“थांबा हो,” तिउरनं त्यांना गप्प केलं. “मास, हा n तुझा, की मशीनचा?”

“मशीनचा,” मी म्हणालो.

तिनं पदराखाली ठेवावं तसा माझा हात आपल्या मसाल्याच्या हाताखाली झाकला आणि पाक एर्टेंकडे वळली. “माझा नवरा ‘नाही’ म्हणतोय.”

पाक एर्टेंनी इतका मोठा श्वास सोडला, की बशीतला चमचा हलला असावा.

“फार उपकार झाले,” ते म्हणाले. “पाक वांदोनो, मोठ्या मनानं घ्या. मी त्या दिवशी विचारलं ते... विचारायचं म्हणून विचारलं. गल्लीतले जुने सूत्रधार आपण, न विचारणं बरं दिसलं नसतं. आपण गोड शब्दांत टाळाल अशी खात्री होती. सासूबाईंचा ऐंशीवा गल्लीत कुणाला माहीत नाही? बू तिउर फोनवर बोलतात ते आम्ही सगळेच... ऐकू येतं. पण आपण न्गिह म्हणालात! स्वर जरा खाली बसल्यासारखा वाटला मला, पण म्हटलं, विचारू कसं? रोज येत होतो, की आज तरी आपण काही सुचवाल. व्याह्यांनी त्यांचा माणूस आधीच ठरवलाय. रेडिओवर बोलतो. जोग्याचा आहे.”

जोग्याचा! सोलोशी पिढ्यांपासून दरबारी चुरस असलेल्या शेजारच्या शहराचा!

जोग्याच्या माणसाकडून दरबारी भाषा बोलवून घेणार, सोलोत, माझ्या गल्लीत! सांस्कृतिक खात्यात मी नव्या मंडळींना हेच तर शिकवायचो: आमंत्रण कुठलं खरं आणि कुठलं रीतीचं, ते ओळखावं कसं. आठवडाभर एक माणूस माझ्या ओटीवर बसून मला खुणावत होता, मी त्याला खुणावत होतो, आणि दोघंही चहा पीत होतो. त्या सगळ्या खटाटोपात माझ्या न्गिहचा खरा अर्थ पहिल्या दिवसापासून एकट्या मशीनला कळला होता. n म्हणजे नाही. ते बिचारं प्रत्येक वेळी रद्द करत होतं.

“मग निघतो,” पाक एर्टे उठले. दाराशी थांबले. मान जराशी झुकवून त्यांनी अगदी मायेनं विचारलं, “आपल्याला वाईट नाही ना वाटलं?”

तिउर माझ्याकडे बघत होती. दार्सोनो, मुर्जितो बघत होते. लॅपटॉपवर रेघ लुकलुकत होती. मी बाटिकच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

“म्बोतेन,” मी म्हणालो.

आयुष्यातलं पहिलं ‘नाही’. आणि तेही खोटं.